‘तक्रार नाही’च्या रकान्यातले गुंडोजीअण्णा

ज्यांचं स्वरयंत्र ऑपरेशन करून काढून टाकलेलं आहे, अशा माणसांना मी एक आठवडाभर फोन करत होते आणि विचारत होते, "बोलायला काही त्रास होतो का?" पलीकडून उत्तर आलं नाही, की ‘तक्रार नाही’च्या रकान्यात टिक करत होते.

हे मीच सांगून टाकते. दुसऱ्या कुणी सांगितलं तर माझ्या वयाकडे बघून जरा सौम्य करून सांगतील, आणि ते मला नको आहे. तेव्हा मी तरुण होते. म्हणजे बावन्न वर्षांची. नातवंडं यावर हसतात, पण अडुसष्टाव्या वर्षी मागे वळून पाहिलं की बावन्नची बाई पोरसवदाच दिसते, आणि अक्कलही तेवढीच.

मुलं परदेशी गेली होती, बेंगळुरूच्या बनशंकरीतलं घर दिवसभर खायला उठत होतं. मी मूळची निपाणीची, म्हणजे मराठी आणि कन्नड दोन्ही घरच्याच. हिंदी टीव्हीवरून आणि टायपिंग लग्नाआधीचं. एवढ्या भांडवलावर मला एका मोठ्या इस्पितळाच्या कान-नाक-घसा विभागात संशोधनाच्या कामावर सहायक म्हणून घेतलं. फोटोचं ओळखपत्र मिळालं. ते मी गळ्यात घालून भाजी आणायलाही जात असे. कोथिंबिरीची जुडी घेताना बाईला दिसावं की आपण संशोधनात आहोत.

अभ्यास असा होता: घशाच्या कॅन्सरसाठी ज्यांचं अख्खं स्वरयंत्र काढलं, ते दोन वर्षांनी कसे आहेत. त्या ऑपरेशनचं इंग्रजी नाव इतकं लांब की टाइप करतानाच माझी दमछाक व्हायची, अर्थाकडे बघायला उसंत नसायची. रोगी मी एकही पाहिला नव्हता. मी तिसऱ्या मजल्यावर, रोगी तळमजल्यावर. माझी समजूत अशी, की टॉन्सिल काढतात तसं काहीतरी काढतात, माणूस चार दिवस आइस्क्रीम खातो आणि घरी जातो. मला यादी दिली, फॉर्म दिले आणि सांगितलं, फोन लावा, फोन उचलला आणि तक्रार नोंदवली नाही तर ‘नाही’ लिहा. मी लिहिलं. कुणाच्या मुलाने उचलला, त्याने सांगितलं, "नो इश्यूज, मॅडम, पप्पा आता एकदम पीसफुल आहेत." टिक. कुठे नुसती फुसफुस आणि फोनवर टकटक. लाइन खराब म्हणून टिक. एका माणसाने तर माझ्या कानात लांबलचक ढेकर दिली. मी त्याला कन्नडमध्ये झाडलं, आधी जेवण उरका, मग बोला. फोन ठेवला आणि त्यालाही टिक. अख्खी यादी आठवड्यात संपवली म्हणून मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला एक गृहस्थ माझ्या टेबलासमोर येऊन बसले. साठी ओलांडलेली, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि कॉलरच्या आत बारीक चुण्या घातलेला मऊ कापडाचा पडदा, लहान मुलांच्या लाळेऱ्यासारखा पण फार बेताचा. त्यांनी माझं ओळखपत्र वाचलं, आडनाव पाहिलं. मग तोंड मिटून हवेचा एक घोट घेतला, आणि कालच्याच त्या ढेकरेच्या आवाजात, स्वच्छ मराठीत म्हणाले,

"जेवण उरकलं. आता बोलतो."

हे गुंडोजीराव. त्यांचं घराणं चारेकशे वर्षांपूर्वी मराठा फौजेबरोबर बेंगळुरूला आलं आणि इथलंच झालं. फौज परत गेली, यांनी सुई धरली. बनशंकरीच्या बाजारात, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर, त्यांचं शिंपीकामाचं दुकान होतं आणि मी ते कधी पाहिलं नव्हतं. सगळे त्यांना गुंडोजीअण्णा म्हणत.

त्यांनी तो पडदा वर केला. गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मधल्या खळग्यात, एक नीट गोल भोक. माझा हात धरून त्यासमोर नेला. तळव्यावर ऊन श्वास लागला.

"श्वास इथून," ते म्हणाले. "वर नाक-तोंड. शोभेला."

मग समजावलं. फुप्फुसातली हवा तोंडात येतच नाही, म्हणून हवा गिळायची, अन्ननलिकेत धरायची आणि परत वर सोडायची. त्याचा आवाज करायचा. एका घोटात चार-पाच अक्षरं मावतात. म्हणून गुंडोजीअण्णा वाक्य कापडासारखं बेतायचे. ‘मॅडम’, ‘प्लीज’, ‘असं आहे की’, सगळ्या कातरणी. उरेल तेवढंच बोलायचे.

"माझी तक्रार आहे. लिहा."

मी त्यांचा फॉर्म काढला, टिक खोडली, नवी केली. आणि इथे माझ्या मूर्खपणाचा दुसरा अंक. बाकीच्या फॉर्मांना मी हात लावला नाही. मला तेव्हाच कळलं होतं. पण मोठ्या डॉक्टरांनी नुकतंच कौतुक केलं होतं ना. मी स्वतःला सांगितलं, ज्यांना तक्रार असेल ते येतील की जिना चढून.

अण्णांनी मात्र मला सोडलं नाही. "मंगळवारी खाली या," म्हणाले. तळमजल्यावर, चादरी धुवायच्या खोलीशेजारी, एक लांबट खोली होती. तिथे दर मंगळवारी ते वर्ग घ्यायचे. इस्पितळाची वाचा शिकवणारी बाई अर्धा दिवस असायची, ती रोग्यांचे गळे तपासायची, पुढचं काम अण्णांचं. पाच-सहा माणसं, समोर गोटी सोड्याच्या बाटल्या. नवख्याला हवा वर आणता येत नाही, सोडा त्याला मदत करतो. सगळे घोट घेत, गिळत, आणि एकेक करून तो जाड, ओला आवाज काढत. बाहेरून जाणाऱ्या दोन परिचारिका तोंडावर हात धरून हसल्या. अण्णा दारात गेले.

"ढेकर नाही. आवाज आहे," त्यांनी सांगितलं. "ऐकायचं असेल, आत बसा."

त्या बसल्या नाहीत, पण पुन्हा हसल्याही नाहीत.

मी म्हटलं, मला तर धडधाकट घसा आहे, मला का जमणार नाही. तासभर सोडा प्यायले. वर्गात एक अक्षर निघालं नाही. संध्याकाळी नणदेच्या घरी, तिच्या होणाऱ्या व्याह्यांसमोर, अख्खं वाक्य निघालं.

सगळीकडे शिकवताना पहिला शब्द ‘पापा’ नाहीतर ‘काका’ देतात, सोपा म्हणून. अण्णा पहिला शब्द द्यायचे ‘बेडा’. म्हणजे कन्नडमध्ये ‘नको’. मी विचारलं, हा का. ते हवा गिळत, थांबत, तीन-चार घोटांत म्हणाले, "मुका झाला की, सगळे ठरवतात. काय खायचं, कुठं झोपायचं. आधी नाही म्हणू दे. काका नंतर."

आणखी किती गोष्टी सांगू. वास त्यांना येत नसे, कारण नाकातून हवाच जात नाही. म्हणून दिसेल त्याला वास घ्यायला लावायचे. कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याउभ्या खायच्या हॉटेलात, बाय-टू कॉफी मागवायचे, एकीतली दोघांत अर्धी-अर्धी, पेला माझ्या नाकाखाली धरायचे. "सांगा." मी म्हणायचे, छान आहे. "छान वास नसतो. नीट सांगा." मग मी बावन्न वर्षांची बाई, रस्त्यात उभी राहून सांगायची: भाजलेली, किंचित जळकी, चिकोरी जास्त, वर दुधाची साय. ते मान डोलवत प्यायचे. गरम असली तर फुंकर मारता येत नसे, तेव्हा पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात उंचावरून ओतत राहायचे, एक थेंब न सांडता. आणि शर्टिंगच्या उरलेल्या तुकड्यांतून गळ्याचे पडदे शिवायचे, प्रत्येक रोग्याच्या शर्टाला जुळणारे, त्यांच्या शर्टांचं दुसरं बटण वरून शिवून आत फट ठेवायचे, म्हणजे खोकला आला की रुमाल आत जातो आणि लोकांना काही दिसत नाही. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. कुठल्याही शोधनिबंधात ते मी टाइप केलेलं नाही.

चार-पाच मंगळवार गेले आणि अण्णांनी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. प्रशासनाची नोटीस. विभागाच्या ताज्या पाहणीत ऑपरेशन झालेल्या रोग्यांना बोलण्याबाबत जवळजवळ काहीच तक्रारी आढळल्या नाहीत, सबब मंगळवारच्या वर्गाची आणि अर्ध्या दिवसाच्या वाचा-शिक्षिकेची गरज उरलेली नाही. खोली महिनाअखेर रिकामी करावी. तिथे पैसे भरून संपूर्ण आरोग्य-तपासणीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी बसायची खोली होणार होती. पाहुणे. रोगी नव्हेत. माशांची काचपेटी पण येणार होती.

"ही पाहणी," अण्णांनी कागदावर बोट ठेवलं. "तुमची ना?"

मी मोठ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांच्याबद्दल खोटं बोलणार नाही. हात अतिशय चांगला. गुंडोजीअण्णांचा जीव त्यांनीच वाचवला होता आणि अण्णा जिन्यात दिसले की वाकून नमस्कार करायचे. मला बसायला सांगितलं, अक्का म्हणाले, पाणी मागवलं. मी सगळं सांगितलं. टकटक, फुसफुस, ढेकर, टिक.

"फॉर्मवर सही कुणाची, अक्का?"

"माझी."

"मग झालं तर. निबंध छापायला गेलाय. आता त्या सगळ्यांपुढे ‘संपर्क नाही’ लिहिलं तर अभ्यासात उरतं काय? दोन वर्षं आपण एकेका रोग्याचा मागोवा ठेवला, तीच त्याची ताकद आहे."

"डॉक्टर, मी मागोवा नाही ठेवला. मी टिका मारल्या."

ते हसले. गोड हसले. "कागदावर दोन्ही सारखंच दिसतं."

हे वाक्य मी घरी येऊन भांडी घासताना इतक्यांदा म्हटलं की नवऱ्याने विचारलं, कुणाशी बोलतेस. आजही कढई हातात आली की आठवतं आणि कढईची खैर नसते.

मी अण्णांना म्हटलं, मी परत फॉर्म भरते. खरे. ते म्हणाले, "फोनवर नाही." आणि दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून माझ्याबरोबर बसस्टॉपवर उभे राहिले.

येलहंक्याला रेल्वे स्टेशनजवळ लक्ष्मम्मा राहायची. आधी फुलं विकायची, टोपली घेऊन गल्लोगल्ली. आता हाक मारता येत नाही, म्हणून घरात बसून दुसरीच्या टोपलीसाठी माळा ओवायची. फोनवर तिच्या सुनेने मला सांगितलं होतं, अत्तेला, म्हणजे सासूला, काही त्रास नाही. मी आता फॉर्म लक्ष्मम्माच्या हातात दिला, कन्नडमध्ये वाचून दाखवला. तिने ‘तक्रार आहे’वर टिक केली. मग पेन दाबून त्यावरच दुसरी केली. मग तिसरी. कागद फाटला. मी दुसरा देऊ लागले तर अण्णांनी माझा हात धरला. "हाच द्या. बरोबर भरलाय."

महादेवपुऱ्यात आयटीवाल्यांच्या उंच सोसायटीत, अकराव्या मजल्यावर, तो ‘पीसफुल’ पप्पा होता. साताऱ्याकडचे निवृत्त मास्तर. मुलगा-सून कामावर. त्यांच्याकडे गळ्याला लावायचं बॅटरीचं यंत्र होतं, पण त्याचा आवाज घरच्यांना सिनेमातल्या रोबोटासारखा वाटे, म्हणून ते कपाटात. त्यांनी लिहून सांगितलं: एकदा एकटे फिरायला गेले, परतताना फाटकावर नवा रखवालदार. "कौनसा फ्लॅट?" हे काय सांगणार. बोटांनी अकरा दाखवलं. त्याला वाटलं, वेडा आहे. मुलगा संध्याकाळी येईपर्यंत बाहेर बसून राहिले. त्यानंतर खाली उतरले नव्हते.

फॉर्मच्या मागे मास्तरांनी समास सोडून, सुरेख अक्षरात पानभर लिहिलं. पहिली ओळ होती: ‘हे मला आजवर कोणी विचारले नाही.’

मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. मागे अण्णा त्यांना हवा गिळायला शिकवत होते. मास्तरांना शिकायचं होतं ‘नको’. अण्णा म्हणाले, "नको कठीण. न नाकातून येतो. बेडा घ्या. इथं चालतो." दोन तास लागले. शेवटी जो आवाज आला तो फाटलेल्या पिशवीसारखा होता. मास्तर स्वतःच दचकले. मग हसू लागले, म्हणजे खांदे हलले, आवाज नाही.

बसमध्ये मी विचारलं, "अण्णा, तुम्हाला डॉक्टरांचा राग नाही येत?"

खिडकी उघडी होती. धूळ होती, त्यांनी पडदा हाताने दाबून धरला होता. मग म्हणाले, "कापणं उत्तम. मान्य. शिवणार कोण?"

त्या महिन्यात आम्ही यादीतली जेवढी घरं सापडली तेवढी गाठली. कुठे माणूस वारला होता. त्यालाही मी फोनवर ‘तक्रार नाही’ केलं होतं. बायको शांतपणे म्हणाली, "तुम्ही विचारलं त्यांना त्रास आहे का, मी म्हटलं आता काही नाही."

सगळे नवे फॉर्म, फाटक्यासकट, आणि माझी चूक कबूल करणारं पत्र मी इस्पितळाच्या संशोधन-नीतीच्या समितीकडे दिलं. मागणी एकच: निकाल दुरुस्त करा आणि मंगळवारची खोली राहू द्या. मला बोलावलं. टेबलामागे तीन माणसं, मध्ये बिस्किटांची बशी. एकाने विचारलं, टिक करायला तुमच्यावर कुणी जबरदस्ती केली? मी म्हटलं, नाही. दुसऱ्याने ते लिहून घेतलं. तिसरे फार दयाळू होते, म्हणाले, बिस्किट घ्या.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. चूक वैयक्तिक स्वरूपाची असून विभागाचा तिच्याशी संबंध नाही. नवे फॉर्म ठरलेल्या पद्धतीने भरलेले नसल्याने, म्हणजे फोनवर भरलेले नसल्याने, विचारात घेता येत नाहीत. मात्र सचोटीच्या दृष्टीने योग्य ती दुरुस्ती केली जाईल. ती केली. निबंधाच्या शेवटी ज्यांचे आभार मानले होते, त्यांतून माझं नाव काढलं. टिका तशाच. आकडे तसेच. आता तो निबंध दुसरे लोक आपल्या निबंधात दाखला म्हणून वापरतात. माझ्या नातीने मला एकदा कॉम्प्युटरवर काढून दाखवलं आणि मी तिच्यासमोर जे शब्द उच्चारले ते तिच्या आईला अजून माहीत नाहीत.

ओळखपत्र मी परत केलं. आता त्या खोलीत मासे आहेत. बघून आले आहे. चांगले गलेलठ्ठ आहेत आणि त्यांचीही काही तक्रार नाही.

गुंडोजीअण्णा जाऊन चार वर्षं झाली. घशाने नाही, हृदयाने. पण मला ते दिसतात ते खोली रिकामी केली त्या सोमवारी. मी दुपारी दुकानात गेले तेव्हा ते एकटेच होते. कापायचं मोठं टेबल त्यांनी भिंतीला सरकवलं होतं, शिलाई मशीन उचलून आतल्या कोपऱ्यात, कपड्यांचे गठ्ठे माळ्यावर. मध्ये फरशी मोकळी झाली होती, तीन पावलं रुंद. पडदा घामाने गळ्याला चिकटला होता आणि भोकातून श्वासाचा आवाज येत होता. मी दारातच सुरू केलं. म्हटलं, अण्णा, हे सगळं माझ्यामुळे, मी फोनवर नीट ऐकलं असतं, त्याच दिवशी सगळे फॉर्म बदलले असते, माझ्या एका टिकेने तुमच्या माणसांची खोली गेली. बरंच बोलले. रडलेही. बोलायला मला काही त्रास नव्हता ना.

त्यांनी मला मध्ये थांबवलं नाही. हातातलं कापड चार घड्या करून फळीवर ठेवलं. मग हवा गिळली, आणि घोटाघोटाने, मध्ये थांबत, एवढंच म्हणाले:

"चूक तुमची होती. सोय त्यांची झाली. रडणं नंतर. उद्या सहाजण येणार. खुर्च्या दोनच आहेत. घरून चार आणा."